नसलेल्या पायाचा अंगठा का दुखतो?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, लोकलमध्ये नेटवर्क गेलं किंवा इयरफोन घरी विसरलात, अशा सगळ्यांसाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं नीट केलंय, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय माझ्या घरातून आलाय. माझा मामा लालबागला राहतो, चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. डायबेटिस जुना. दोन वर्षांपूर्वी चपलेने पायाला जखम झाली. पायाची संवेदना आधीच कमी झालेली, त्यामुळे ती दुखलीच नाही आणि लक्षातही आली नाही. चिघळत गेली आणि शेवटी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, मामा घरी आला. आम्हाला वाटलं, चला, सुटलो.

मग एका रात्री साडेतीनला मामीचा फोन. मामा पडला होता. मी दादरला राहतो, टॅक्सी करून पोचलो. कपाळाला खोक, बनियनवर रक्त, आणि मामा कॉटला टेकून जमिनीवर बसलेला. झालं काय, तर तो बाथरूमला जायला उठला, दोन्ही पाय खाली सोडले आणि उभा राहिला. दोन्ही पायांवर. झोपेत त्याला उजवा पाय जाणवत होता, म्हणून त्याने त्यावर भार टाकला.

मी विचारलं, "मामा, कुबडी का नाही घेतलीस?"

मामी पाणी आणायला आत गेली तसा तो हळू आवाजात म्हणाला, "अरे, पाय आसा असोच वाटता. आंगठो खाजता रे रोज रात्री. कोणाक सांगितलंय तर म्हणतले येडो झालो."

मग एकेक बाहेर पडलं. नुसती खाज नव्हती. कोणीतरी बोटं पिळतंय असं वाटायचं. मधेच करंट लागल्यासारखी कळ यायची. कधी तळव्याची आग व्हायची. त्या तळव्याची, जो नव्हताच. चार महिने तो हे कोणाला न सांगता सहन करत होता आणि मेडिकलमधून पेनकिलर आणून खात होता. शेजारच्या एका काकूंना थोडी कुणकुण लागली होती. त्यांचं म्हणणं, कापलेला पाय नीट पुरला नसेल, म्हणून तो त्रास देतोय. आजीने तर नारळ ओवाळून टाकला.

आणि मी, घरातला एकमेव बीटेक, मलाही काही माहीत नव्हतं. त्या रात्रीनंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना जे विचारलं, ते आज सांगतो. आधीच स्पष्ट करतो, मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. हे ऐकून गोळ्या सुरू किंवा बंद करू नका. पण घरात कोणाचा हात-पाय गेला असेल, तर नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला नक्की कळेल.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

अवयव कापल्यानंतर माणसाला तीन वेगवेगळे अनुभव येऊ शकतात. आपण सगळ्यांना "दुखतंय" म्हणून एकाच पिशवीत टाकतो, आणि तिथेच घोळ होतो.

पहिला, फँटम सेन्सेशन. म्हणजे गेलेला अवयव अजून आहे असं जाणवणं. खाज, मुंग्या, ऊब, बोटं हलल्यासारखी वाटणं. यात वेदना असेलच असं नाही. जवळजवळ सगळ्यांनाच हे कमी-अधिक जाणवतं. काहींना तर काळाबरोबर तो पाय आखूड होत गेल्यासारखा वाटतो, पाऊल थेट गुडघ्यालाच चिकटलंय असं. मामाला अंगठीचं किंवा मोज्याचं काही जाणवत नव्हतं, पण काहींना गेलेल्या बोटातली अंगठीसुद्धा जाणवते.

दुसरा, फँटम पेन. त्याच नसलेल्या भागात खरीखुरी वेदना. वेगवेगळ्या पाहण्यांत आकडे वेगळे येतात, पण अवयव गमावलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना ही कधी ना कधी होते. बऱ्याचदा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सुरू होते, काहींना महिन्यांनी. अनेकांची हळूहळू कमी होते, काहींची वर्षानुवर्षं राहते.

तिसरा, उरलेल्या भागाचं दुखणं. हॉस्पिटलात त्या भागाला सगळे "स्टंप" म्हणतात, मीही तेच म्हणतो. इथे कारण बहुतेक वेळा समोर असतं: जखमेत पू, हाडाचं टोक टोचणं, नीट न बसणारा कृत्रिम पाय, किंवा कापलेल्या नसेच्या टोकाला आलेली गाठ.

हा फरक महत्त्वाचा का? कारण तिघांवरचे उपाय वेगळे. स्टंपला इन्फेक्शन झालं असेल तर आरसा धरून काही होणार नाही. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "नेमकं कुठे दुखतं?" याचं उत्तर "उजव्या पायाच्या अंगठ्यात" असं बिनधास्त द्यायचं. लाजायचं नाही.

हे नवीन नाही

अँब्रोआज पारे नावाचा फ्रेंच सर्जन सोळाव्या शतकात लढाईतल्या जखमींवर उपचार करायचा. पाय कापून बरेच दिवस झाले तरी सैनिक त्याच पायाच्या वेदनेची तक्रार करतात, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हात-पाय कापावे लागले. तिथला डॉक्टर सायलस वेअर मिचेल याने १८७१ मध्ये "फँटम लिंब" हे नाव वापरलं. फँटम म्हणजे भूत.

नाव गाजलं, पण माझ्या मते या नावानेच लोकांचं नुकसानही केलं. भूत म्हटलं की खोटं वाटतं. मराठीत कोणी "आभासी वेदना" म्हणतं, तेही तसंच. यात पाय नसतो, हे खरं. पण वेदनेत आभास काही नाही. ती मज्जासंस्थेत तयार होते, आणि तुमच्या-माझ्या दाढदुखीइतकीच खरी असते.

दुखतं का? तीन मजल्यांची गोष्ट

मला हे समजलं ते चाळीच्या हिशोबाने. तीन मजले आहेत आणि तिन्हीवर गडबड होऊ शकते.

*तळमजला: कापलेली नस.* पायाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा म्हणजे केबल. पाय कापला की केबल मधेच तुटते, पण ती मेलेली नसते. तिचं टोक परत वाढायचा प्रयत्न करतं. समोर जोडायला काही नसतं, मग तंतूंचा गुंता होऊन गाठ तयार होते. तिला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ हलक्या दाबाने, थंडीने, कधी काहीच कारण नसताना सिग्नल सोडत राहते. आता मेंदूच्या बाजूने बघा. त्या तारेवरून आलेला प्रत्येक सिग्नल त्याच्या रेकॉर्डला "उजवा अंगठा" याच नावाने नोंदलेला आहे. तार मधे तुटलीये, हे त्या सिग्नलवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे मेंदू प्रामाणिकपणे सांगतो, अंगठा दुखतोय.

मग गाठ बधिर केली की प्रश्न मिटला? काही लोकांत खरंच वेदना थांबते. पण सगळ्यांत नाही. म्हणजे वरही काहीतरी चालू आहे.

*पहिला मजला: पाठीचा कणा.* नसा कण्यात शिरतात तिथे त्यांच्या पेशींच्या छोट्या गाठी असतात, आणि पुढे मज्जारज्जूत सिग्नल पुढे पाठवायचा की अडवायचा हे ठरतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यालाच दरवाजाची उपमा दिली. वेदनेसाठी दार कधी सताड उघडतं, कधी किलकिलं राहतं. आपण ठेच लागल्यावर तिथे चोळतो ना, ते दार थोडं लोटण्यासाठीच. अवयव गेल्यावर एकीकडे नेहमीचा स्पर्शाचा प्रवाह बंद होतो, दुसरीकडे तुटलेल्या टोकाचा गोंगाट सुरू असतो. मज्जारज्जूतल्या पेशी मग जास्त संवेदनशील होतात. आवाजाचं बटण वर गेलं आणि तिथेच अडकलं, असं समजा. साधा स्पर्शसुद्धा मोठ्ठा ऐकू येतो.

*दुसरा मजला: मेंदू.* मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो. कॅनडातला सर्जन वाइल्डर पेनफिल्ड याने शुद्धीत असलेल्या रुग्णांच्या मेंदूला ऑपरेशनच्या वेळी हलका विद्युतप्रवाह देऊन तो शोधला. त्या नकाशात हाताच्या शेजारीच चेहरा आहे.

इथे आपल्याकडचा माणूस येतो. डॉ. विलयनूर रामचंद्रन, जन्म तामिळनाडूतला, डॉक्टरकी मद्रासमध्ये, पुढे अमेरिकेत सॅन दिएगोला संशोधन. १९९० च्या दशकात त्यांनी हात गमावलेल्या एका तरुणाच्या गालाला कापसाने स्पर्श केला. तो म्हणाला, गालाबरोबर माझ्या गेलेल्या अंगठ्यालाही कळतंय. रामचंद्रन यांचा निष्कर्ष असा, की हाताची जागा रिकामी पडल्यावर शेजारच्या चेहऱ्याने तिथे पाय पसरले. रिकाम्या खोलीत शेजाऱ्याने सामान ठेवावं तसं. १९९५ मध्ये हर्टा फ्लोर यांच्या जर्मनीतल्या गटाने दाखवलं, की नकाशात बदल जितका जास्त तितकी फँटम वेदनाही जास्त दिसते.

बरीच वर्षं हीच गोष्ट सगळीकडे सांगितली गेली. पण विज्ञानात मजा ही, की गोष्ट तिथे थांबत नाही. तमार मेकिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हात नसलेल्या लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून "गेलेला हात हलवा" असं सांगितलं. मेंदूतली हाताची जुनी जागा व्यवस्थित उजळली. २०२५ मध्ये आणखी एक अभ्यास छापून आला. त्यात तीन रुग्णांचे मेंदू हात कापण्याच्या आधी आणि नंतर, असे दोन्ही वेळा तपासले होते. नकाशा जवळजवळ होता तसाच राहिला.

म्हणजे शेजाऱ्याने खोली बळकावली, की खोली कुलूपबंद आणि आतलं सगळं सामान जागच्या जागी? आज पारडं दुसऱ्या बाजूला झुकतंय. वाद अजून चालू आहे. बहुतेक तज्ज्ञ मानतात, की एकच कारण नाही. तिन्ही मजले मिळून ही वेदना तयार होते, आणि प्रत्येक माणसात त्यांचं प्रमाण वेगळं असतं. म्हणूनच एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पडत नाही.

आणि ताण, झोप, काळजी? ही वेदना वाढवतात. मामाची वेदना जास्त कधी, तर रात्री, एकटा असताना. पण वाढवणं वेगळं आणि निर्माण करणं वेगळं. "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य घरात बंद करायला हवं.

परळमधलं एक ऑपरेशन आणि तोच नकाशा

हा नकाशा टिकतो की नाही, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या परळमध्येही दडलेलं आहे. मोनिका मोरे हे नाव आठवतंय? ११ जानेवारी २०१४, घाटकोपर स्टेशन. कॉलेजमध्ये शिकणारी ही मुलगी लोकल पकडताना फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. केईएममध्ये उपचार झाले, नंतर कृत्रिम हात बसवले. त्या अपघातानंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न वर्तमानपत्रांपासून हायकोर्टापर्यंत गाजला.

साडेसहा वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, चेन्नईतल्या एका मेंदूमृत दात्याचे हात विमानाने मुंबईत आले. परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. निलेश सातभाई यांच्या टीमने ते मोनिकाला बसवले. दोन्ही हातांचं हे मुंबईतलं पहिलं प्रत्यारोपण.

आता इंजिनीअर म्हणून माझ्या डोक्यात प्रश्न आला. हाड जोडलं, रक्तवाहिन्या जोडल्या, नसा जोडल्या, ठीक. पण इतकी वर्षं जो हात नव्हता, त्याला मेंदू ओळखणार कसा? याचं उत्तर फ्रान्समधल्या ल्यों शहरात आधी मिळालं होतं. तिथे २००० साली एका माणसाला दोन्ही हात बसवले होते. त्याचे स्वतःचे हात १९९६ मध्ये गेले होते. संशोधकांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर त्याचा मेंदू स्कॅन केला. काही महिन्यांत हाताची हालचाल नकाशातल्या मूळ जागेकडे परत सरकली.

म्हणजे मेंदू जुना पत्ता पुसून टाकत नाही. हीच गोष्ट एका बाजूला शाप आहे, कारण त्याच पत्त्यावर वेदनेची पत्रं येत राहतात. आणि दुसऱ्या बाजूला त्याच पत्त्यामुळे उपचाराला जागा मिळते.

उपचार: एकच रामबाण नाही

*ऑपरेशनच्या आधी आणि ऑपरेशनमध्ये.* कापण्याआधी पाय खूप दिवस खूप दुखत असेल, तर नंतर फँटम पेनची शक्यता वाढते असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून आधीच वेदना नीट आटोक्यात आणणं, नसेभोवती भुलीचं औषध देत राहणं, याचा विचार होतो. याचा दीर्घकाळ फायदा किती, यावर निकाल मिश्र आहेत. पण ऑपरेशन ठरलेलं असेल तर "नंतरच्या वेदनेसाठी काय योजना आहे?" हा प्रश्न भूलतज्ज्ञांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आम्ही तो विचारलाच नाही.

अलीकडे सर्जन एक वेगळी गोष्ट करतात. कापलेल्या नसेचं टोक मोकळं सोडण्याऐवजी ते जवळच्या स्नायूच्या छोट्या नसेला जोडून देतात. रिकाम्या तारेला काम मिळतं, गुंता कमी होतो. २०१९ मध्ये अमेरिकेतून छापून आलेल्या एका छोट्या चाचणीत याचा फँटम पेनवर चांगला परिणाम दिसला. प्रत्येक ठिकाणी हे होतंच असं नाही.

*औषधं.* मामा जे करत होता ते इथे ऐका आणि करू नका. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सूज आणि जखमेच्या दुखण्यासाठी आहेत. नसेच्या वेदनेवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यात माणूस डायबेटिसचा असेल तर किडनीला धोका. चार महिने रोज म्हणजे विचार करा.

नसेच्या वेदनेसाठी डॉक्टर वेगळ्या गोळ्या वापरतात: गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन. यातल्या काही मुळात फिट्सच्या, काही नैराश्याच्या. चिठ्ठीवर नैराश्याची गोळी बघून मामी घाबरली होती, "म्हणजे यांना वेड लागलंय का?" नाही. त्याच गोळीचा नसांवरचा परिणाम इथे वापरतात. झोप येणं, चक्कर, तोंड कोरडं पडणं असे त्रास होतात, आणि एका पायाच्या माणसाला चक्कर म्हणजे पडण्याची भीती. म्हणून डोस कमीपासून हळूहळू वाढवतात, किडनीची तपासणी बघून. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. जबर वेदनेत मॉर्फिनसारखी औषधं किंवा केटामाइन वापरतात, पण ते पूर्णपणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

*आरसा.* आता सगळ्यात स्वस्त उपाय. ही कल्पनाही रामचंद्रन यांचीच. त्यांच्या काही रुग्णांना गेलेला हात घट्ट आवळलेला वाटायचा, नखं तळव्यात रुतल्यासारखी. मूठ सोडायची आज्ञा मेंदू देतो, पण "सुटली" असं उत्तर कधी येतच नाही. पिंग पाठवतोय, रिप्लाय नाही. मग आज्ञा आणखी जोरात. रामचंद्रन यांनी मधोमध उभा आरसा ठेवला. चांगला हात आरशासमोर, गेलेल्या हाताची जागा आरशामागे. आरशात बघितलं की दोन्ही हात आहेत असं दिसतं. चांगली मूठ उघडली की "दुसरी"ही उघडताना दिसते. डोळ्यांनी का होईना, मेंदूला रिप्लाय मिळतो.

२००७ मध्ये अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयातली एक चाचणी छापून आली. पाय गमावलेल्या सैनिकांचे तीन गट, शेवटपर्यंत प्रत्येकी सहा जण, रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरसा बघणाऱ्या सहाच्या सहा जणांची वेदना कमी झाली. झाकलेल्या आरशासमोर बसलेल्यांत एकाची. नुसती कल्पना करणाऱ्यांत दोघांची, आणि त्या गटात चौघांची उलट वाढली. आकडे भारी दिसतात, पण माणसं किती, तर अठरा! नंतरच्या अभ्यासांत निकाल इतके एकसारखे आले नाहीत. त्यामुळे आरसा म्हणजे जादू नाही. खर्च कमी, धोका कमी, करून बघण्यासारखा उपाय, इतकंच म्हणू.

*बाकीचे उपाय.* एक पायऱ्यापायऱ्यांचा व्यायाम असतो. आधी फोटो बघून हा उजवा पाय की डावा ते पटापट ओळखायचं, मग मनात तो हलवायचा, आणि शेवटी आरसा. फोटो ओळखण्यासाठी फोनवर ॲपसुद्धा मिळतात. काहींना टेन्स नावाच्या छोट्या यंत्राने, म्हणजे त्वचेवरून सौम्य विद्युत झटके देऊन, आराम पडतो. स्टंपवर वेगवेगळ्या पोताची कापडं फिरवणं, हलका मसाज, नीट पट्टी बांधणं, आणि नीट बसणारा कृत्रिम पाय वापरणं, यांचाही काहींना फायदा होतो. मेंदूला त्या बाजूने पुन्हा अर्थपूर्ण स्पर्श मिळायला लागतो. अगदीच हट्टी वेदनेसाठी कण्याजवळ तार बसवून विद्युतप्रवाह देण्यासारखे मोठे उपायही आहेत, पण ते शेवटी.

घरी आरसा कसा वापरायचा

हे फिजिओथेरपिस्टने आम्हाला शिकवलं तसं सांगतो. तुम्हीही आधी एकदा शिकून घ्या.

आरसा उभा, निदान गुडघ्यापासून पावलापर्यंत मावेल इतका. आम्ही जुन्या कपाटाच्या दाराचा काढला, कडांना चिकटपट्टी लावली म्हणजे कापणार नाही. कॉटवर किंवा जमिनीवर पाय लांब करून बसायचं. आरसा दोन्ही पायांच्या मधे, चकचकीत बाजू चांगल्या पायाकडे. स्टंप आरशामागे झाकलेला. चांगल्या पायातलं पैंजण, काळा धागा, मोजा काढून ठेवायचा, नाहीतर मेंदूला फसवाफसवी कळते. मग चांगला पाय सावकाश हलवायचा: बोटं उघडा, मिटा, घोटा फिरवा. त्याच वेळी मनाने गेलेला पायही तसाच हलवायचा. नजर आरशातच. सुरुवातीला पाचच मिनिटं, मग पंधरा. रोज. निदान चार आठवडे.

पहिल्या दिवशी काहींना गरगरतं, घाम येतो, रडू फुटतं. मामा रडला. कित्येक महिन्यांनी दोन पाय बघत होता. असं झालं तर थांबायचं, आणि पुन्हा कधी करायचं ते थेरपिस्टला विचारायचं. वेदना वाढतच गेली तर बंद करायचं. दोन्ही पाय गेले असतील तर हा साधा आरसा उपयोगाचा नाही, त्यांच्यासाठी वेगळे मार्ग असतात.

स्टंप लाल झाला, गरम लागला, पाणी किंवा पू आला, ताप आला, किंवा दुखण्याची जात अचानक बदलली, तर आरसा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि रात्रीची गोष्ट. ज्यांना पाय जाणवतो, ते त्यावर उभे राहतातच. कुबडी किंवा वॉकर कॉटच्या त्याच बाजूला ठेवा, जिकडून माणूस उतरतो. एक छोटा दिवा चालू ठेवा. आम्ही कॉटच्या कडेला खडबडीत पायपुसणं टाकलंय. चांगला पाय त्यावर टेकला की मामाला आठवतं, थांबायचंय.

जायचं कुठे?

आपण या बाबतीत नशीबवान आहोत. हाजी अलीला, महालक्ष्मी स्टेशनपासून जवळ, केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. १९५५ पासूनची संस्था. आपण बसमधून शंभरदा समोरून जातो आणि दर्ग्याकडे बघतो, या इमारतीकडे नाही. पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि कृत्रिम हात-पाय बनवणारा विभाग, सगळं एकाच आवारात. याशिवाय मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत वेदनेची ओपीडी असते, बहुतेक ठिकाणी ती भूलतज्ज्ञ चालवतात. कॅन्सरमुळे हात-पाय गेला असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्येही वेदनेसाठी वेगळा विभाग आहे. केसपेपर काढताना "कापलेल्या पायात वेदना होतात, पेन ओपीडीला दाखवायचंय" इतकं सांगितलं तरी वाट सापडते.

जाताना एक छोटी वही न्या. दुखणं कधी सुरू होतं, किती वेळ टिकतं, शून्य ते दहात किती, कशाने वाढतं, रात्री किती वेळा जाग आली. मी मामाला फोनमध्ये शीट बनवून दिली होती. त्याने ती एकदाही उघडली नाही. कॅलेंडरच्या चौकटीत पेनाने आकडे लिहिले, दुधाच्या हिशोबाशेजारी. डॉक्टरांना तेच कॅलेंडर दाखवलं, काम झालं.

मामाचं पुढे काय झालं

पूर्ण बरा झाला असं सांगून मी टाळ्या घेणार नाही. पेनकिलर बंद झाल्या, नसेची गोळी रात्री सुरू आहे. आरसा तीन महिने केला. कॅलेंडरवरचे आठ-नऊ आता बहुतेक दिवस तीन-चार असतात. पाऊस सुरू झाला की पुन्हा सहा. कृत्रिम पाय लावून तीन माळे उतरतो, हळूहळू, कठडा धरून. खाज अजून येते.

पण सगळ्यात मोठा फरक गोळीने किंवा आरशाने पडला नाही. तो पडला हाजी अलीच्या बाकावर. नंबर लागायची वाट बघत असताना शेजारी एक रिक्षावाले काका बसले होते, डावा पाय मांडीपासून नाही. त्यांनी सहज विचारलं, "तुमचाही रात्रीचा खाजतो काय?" मामा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग दोघं असे काही बोलत सुटले, की नंबर पुकारला तो ऐकूच आला नाही. मला जाऊन सांगावं लागलं, "मामा, चल, तुझं नाव घेतलं."

येताना टॅक्सीत तो मामीला म्हणाला, "अगो, ह्या सगळ्यांका होता."

म्हणून हा एपिसोड. तुमच्या चाळीत, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात कोणाचा हात-पाय गेला असेल, अपघातात, शुगरमुळे, कॅन्सरमुळे, तर एकदा सरळ विचारा, "तिथे अजून काही जाणवतं का?" कदाचित तो माणूस कित्येक महिने कोणीतरी हे विचारायची वाट बघत असेल. आणि ज्यांना फोनवर ऐकता येत नाही त्यांना हा लेखी भाग वाचून दाखवा.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर शुगर असलेल्या घरच्या सगळ्यांचे तळवे आज रात्री एकदा बघून घ्या, आणि काळजी घ्या!